पेन ड्राइव्ह वाटायचे का थांबायचं : वायफायच्या एका खिडकीचं प्रकरण

गुरुवारी रात्री आठच्या सुमाराला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बग, म्हणजे चूक, सापडला आणि शनिवारी सकाळी दहाला चाळीस शाळांचे शिक्षक लातुरात ट्रेनिंगला यायचे होते. म्हणजे हातात एक दिवस आणि दोन रात्री, त्यात लाइटीचा भरवसा नाही.

आधी आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही पाच जण, कंपनी नाही, संस्था नाही, नुसता ग्रुप. मी हार्डवेअरवाला, दुकान आहे छोटं. एक रिटायर सर आहेत, आयटीआयला शिकवायचे. एक मॅडम औसा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर, मराठी भाषांतर सगळं त्यांच्याकडं. एक इंजिनिअरिंगचं पोरगं, कोड तोच लिहितो. आणि पाचवा आमचा मित्र पुण्यात टेस्टिंगमध्ये नोकरीला, तो फोनवर. शाळेच्या लॅबमधले जुने असेम्बल केलेले पीसी असतात ना, ज्याच्यावर विंडोज आता ओढत नाही, त्याच्यासाठी आम्ही डेबियन १२ (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक प्रकार) घेऊन, त्याच्यावर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप टाकून, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, मराठी मेनू, मुलांसाठी टायपिंग आणि गणिताचे थोडे सॉफ्टवेअर असं सगळं बसवून एक आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची एक मोठी फाइल, करतो, पेन ड्राइव्हवर टाकतो आणि वाटतो. वर्षातून एकदाच. शाळा १५ जूनला उघडतात, त्याच्या आत हे शिक्षकांच्या हातात पडलं तर पडलं, नाही तर मग ॲडमिशन, पुस्तकं, यू-डायस प्लसची माहिती भरणं, त्याच्यात दिवाळी येते.

डेबियन १२ का, तर १० जून २०२३ ला ते आलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायचे वगैरे फर्मवेअर (हार्डवेअर चालायला लागणारं बारकं सॉफ्टवेअर) सोबत मिळायला लागले. त्याच्या आधी अधिकृत इन्स्टॉलर घेतला तर ते वेगळे शोधून टाकावे लागायचे, आणि ज्या मशीनला वायफायशिवाय नेटच नाही त्याच्यावर वायफायचं फर्मवेअर डाउनलोड करायचं कसं हा प्रश्न मला पाच-सहा वर्षं छळत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता खिडकी. एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये वायफायचं असं स्वतंत्र पान नसतं, वर कोपऱ्यात नेटवर्कचा बारका आयकॉन असतो, त्याच्यावर क्लिक करून जोडायचं. आम्हाला ते सोपं वाटतं. पण आदल्या वर्षी मॅडम शाळाशाळांत फिरून आल्या आणि म्हणल्या की बऱ्याच जणांना तो आयकॉन दिसतच नाही, मोबाइलची सवय, सगळे आधी सेटिंग्ज उघडतात आणि तिथं वायफाय शोधतात. मग पोराने सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ नावाची एक खिडकी केली. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, दीडेकशे ओळींची. मोठी अक्षरं, मराठीत, नेटवर्कची यादी, पासवर्डची जागा आणि ‘जोडा’ बटण. दिसायला एकदम झकास. मॅडमनी सहा पानांचं माहितीपत्रक केलं त्याच्यात पान तीनवर ह्याच खिडकीचा फोटो. तीनशे प्रती झेरॉक्सवाल्याकडून मारून आणलेल्या, पिन मारून गठ्ठे बांधलेले.

टेस्टिंग आम्ही महिनाभर केलं. पण कशावर केलं? स्वतःच्या लॅपटॉपवर. पाचही जणांकडं लॅपटॉप. इथंच गोम होती.

गुरुवारी रेणापूरकडच्या एका शाळेतला पीसी दुकानात आला होता, एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेलेला. तो बदलला आणि म्हणलं चला ह्याच्यावर आपला पेन ड्राइव्ह चालवून बघू. शाळेतल्या डेस्कटॉपला आतमध्ये वायफाय नसतं, तीन-चारशे रुपयांचा यूएसबी डोंगल लावतात आणि सरांच्या नाही तर मॅडमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं. डोंगल लावला, आपली खिडकी उघडली, तर खिडकी म्हणते कशी, ‘या कॉम्प्युटरमध्ये वायफाय नाही.’ मी डोंगल काढून मागच्या पोर्टला लावला. तेच. दुसरा डोंगल लावला. तेच. आणि कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक केलं तर माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट मस्त दिसायला, जोडला, जोडलं गेलं, नेट चालू. नेट चालू असताना आमची खिडकी तरी म्हणतेच की वायफाय नाही!

पोराला फोन लावला. “दादा, माझ्याकडं चालायलंय की.” तुझ्याकडं चालतंय रे, पण तुझ्याकडं लॅपटॉप आहे.

तासाभरात त्याने कारण शोधलं, आणि कारण इतकं बारकं की हसावं का रडावं. लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाला लिनक्स छोटंसं नाव देतं. डेबियनमध्ये यूएसबी डोंगलला मात्र त्याच्या मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा नंबर) नाव पडतं, आधी तीन अक्षरं ‘डब्ल्यूएलएक्स’ आणि त्याच्यापुढं मॅकची बारा, एकूण पंधरा. लिनक्समध्ये नेटवर्क इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त पंधराच अक्षरांचं असू शकतं, म्हणजे डोंगलचं नाव काठोकाठ भरलेलं. आता आमची खिडकी काय करायची, तर नेटवर्क मॅनेजरला (लिनक्समध्ये नेट जोडायचं काम बघणारा प्रोग्राम) कमांड देऊन डिव्हाइसची यादी घ्यायची, त्या यादीचे रकाने असतात, पहिला रकाना नाव, दुसरा प्रकार. पहिला रकाना सगळ्यात लांब नावाप्रमाणे रुंद होतो. पोराच्या लॅपटॉपवर सगळ्यात लांब नाव चौदा अक्षरांचं होतं, दोन उपकरणं एकमेकांना थेट जोडायचं जे वायफाय असतं त्याचं. चौदा आणि दोन मोकळ्या जागा, म्हणून प्रकार सतराव्या घरापासून सुरू. त्याने डोळ्यांनी मोजलं आणि लिहून टाकलं की सतराव्यापासून चार अक्षरं कापा, ती ‘वायफाय’ शब्दाची निघाली तर वायफाय आहे. डोंगलवर पंधरा आणि दोन, म्हणजे अठरावं घर. कापल्यावर हातात येते एक मोकळी जागा आणि तीन अक्षरं, शेवटचं अक्षर कापलं गेलेलं. जुळत नाही. म्हणून ‘वायफाय नाही’.

एका घराची चूक, बास. पोरगं लई ओशाळलं होतं. सर म्हणले, “ओशाळू नको, टेस्टिंग आपण सगळ्यांनीच लॅपटॉपवर केलंय.” खरं होतं. ज्या मशीनसाठी बनवलं त्या मशीनवर कोणीच बसलं नव्हतं.

रात्री दहाला कॉल झाला. प्रश्न एकच, शनिवारी पेन ड्राइव्ह द्यायचे का थांबायचं?

पुण्यातल्या मित्राने आधी त्याच्या पद्धतीनं मांडलं. बग मोठा आहे का लहान हे आपल्या रागावर ठरवायचं नसतं, त्याच्यासाठी प्रोजेक्टवाल्यांचे नियम असतात. डेबियनमध्ये बगला दर्जा देतात, त्यातले क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस हे वरचे तीन असले तरच तो रिलीज अडवणारा बग, बाकी कितीही चिडचिड होवो. फेडोरा म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार, ते आधीच लिहून ठेवतात की रिलीजमध्ये अमुक अमुक चाललंच पाहिजे, मग बग त्या यादीच्या आड येतो का ते बघून त्याला ब्लॉकर म्हणतात, आणि शेवटी गो का नो-गो अशी मीटिंग होते. त्यांनी पुढं ढकललेलंही आहे, इन्स्टॉलर नव्यानं लिहायच्या भानगडीत फेडोराची १८ नंबरची आवृत्ती जानेवारी २०१३ पर्यंत गेली, ओपनएसएसएल ह्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधल्या भगदाडामुळं ३७ नंबरची नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. उबंटू हा तिसरा प्रकार, त्याची ६.०६ ही आवृत्ती तर नावातच जून घेऊन बसलीय (६ म्हणजे २००६, ०६ म्हणजे जून), एप्रिलची होती ती. तात्पर्य, थांबणं हा काही गुन्हा नाही. पण त्याचं पुढचं वाक्य असं होतं, “दादा, इथं वर्कअराउंड आहे, म्हणजे दुसरी वाट आहे. कोपऱ्यातल्या आयकॉनवरून जोडलं जातंय. माझ्या ऑफिसात हा बग ब्लॉकर ठरला नसता. ‘ज्ञात अडचणी’ म्हणून एक ओळ लिहायची, सोडून द्यायचं आणि पुढच्या अपडेटला दुरुस्ती पाठवायची.”

हे ऐकायला बरोबर वाटतं. पण मला तिथंच खटकलं. अपडेट येणार कशावरून? नेटवरून. नेट कशानं जोडायचं? ह्याच खिडकीनं. प्रिंटरची खिडकी बिघडली असती, आवाजाची बिघडली असती तर मी पण म्हणलो असतो सोडा, आठ दिवसांनी अपडेट पाठवू. वायफायचा बग मात्र स्वतःच्या औषधाच्याच वाटेवर आडवा पडतो, तेच जुनं फर्मवेअरचं दुखणं, दार उघडायची किल्ली घरात आणि आपण बाहेर. आणि पेन ड्राइव्ह म्हणजे एकदा हातातून सुटलेली वस्तू, वेबसाइटवरची फाइल बदलता येते, देवणी तालुक्यातल्या कपाटातला पेन ड्राइव्ह बदलायला माणूस पाठवावा लागतो.

मॅडम इतका वेळ गप्प होत्या. त्या बोलल्या तो मुद्दा आमच्या चौघांच्याही डोक्यात आला नव्हता. म्हणल्या, खिडकी नुसती अडकली असती, गोल गोल फिरत राहिली असती, तर शिक्षकानं म्हणलं असतं की कॉम्प्युटर हँग झाला, बंद करून चालू करू. पण ही खिडकी खोटं बोलायलीय, ते पण शुद्ध मराठीत. ‘या कॉम्प्युटरमध्ये वायफाय नाही’ असं सरकारी पाटीसारखं लिहून आलं तर माणूस विश्वास ठेवतो. तो आयकॉन शोधणार नाही. डोंगल बिघडला म्हणून नवा आणेल, खिशातून पैसे घालून, मग तो पण ‘नाही’ म्हणेल, मग तालुक्याच्या मेकॅनिकला बोलावतील, तो म्हणेल लिनक्स काढा आणि विंडोज टाका. झालं. वर्षभर ती लॅब आपल्या हातातून गेली.

मला वाटतं हे ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं बोलणं. बगची तीव्रता मोजताना आपण काय चालत नाही ते बघतो, खिडकी समोरच्याला काय सांगते आणि ते ऐकून तो उठून काय करतो हे बघत नाही. वर्कअराउंड आहे म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला आहे. आणि आमच्या बाबतीत तर माहितीपत्रक पान तीन त्याला उलट ह्याच खिडकीकडं बोट धरून नेत होतं.

तर मी म्हणलं, थांबू. शनिवारचं ट्रेनिंग होऊ द्या, ते रद्द करता येत नाही, उदगीर, निलंगा, अहमदपूरकडून लोक एसटीनं येणार, त्यांना काय तोंडानं सांगायचं. पण ट्रेनिंग वेगळं आणि पेन ड्राइव्ह वेगळे. लॅबमध्ये शिकवू, पेन ड्राइव्ह आठ दिवसांनी पाठवू.

सर म्हणले, “कोण पाठवणार?”

ह्याला उत्तर नव्हतं. चाळीस पाकिटं, चाळीस गावं, एसटी पार्सल तालुक्यापर्यंत, पुढं कोण घेऊन जाणार, केंद्रप्रमुखाला किती वेळा विनवणार. आदल्या वर्षी नंतर पाठवतो म्हणलेल्यातले निम्मे पोचले नव्हते हे मला पण माहीत होतं. थांबण्याची किंमत कागदावर आठ दिवस दिसते, प्रत्यक्षात ती निम्म्या शाळा होती. ही गोष्ट मी मांडताना सोयीस्कर विसरलो होतो, कबूल.

मग पोरगं म्हणलं, मी रात्रीत दुरुस्त करतो, एका ओळीचं काम आहे. मित्र लगेच म्हणला, एका ओळीचं काम हे जगातलं सगळ्यात महाग काम असतंय. तरी करून बघ म्हणलं.

शुक्रवारी सकाळी सातला फाइल आली. त्याने घरं मोजणं सोडून मोकळ्या जागेवर तुकडे पाडले होते, नावाची लांबी कितीही असो. त्याच रेणापूरच्या पीसीवर टाकली, खिडकीत यादी दिसली, जोडलं, ‘जोडले आहे’ असा हिरवा ठिपका आला. आम्ही खूश. चहा सांगितला. चहा यायच्या आत मी सहज म्हणून लॉगिन स्क्रीनवर भाषा इंग्रजीची मराठी केली, कारण शाळेत मराठीच असणार, आणि हिरवा ठिपका गायब. नेट चालू, ठिपका लाल, खाली लिहिलेलं ‘जोडलेले नाही’. म्हणजे एक खोटं काढलं आणि दुसरं बसवलं.

कारण, नेटवर्क मॅनेजरची ती कमांड उत्तर देताना सिस्टिमच्या भाषेत देते. इंग्रजीत ‘कनेक्टेड’ येतं, मराठी लावलं की त्याचं मराठी होतं, आणि पोराचा नवा कोड इंग्रजी शब्दाशी तुलना करत बसलेला. रात्री दोनला झोप अनावर झालेली असताना त्याने स्वतःच्या इंग्रजी डेस्कटॉपवर तपासलं होतं. ह्या कमांडच्या माहितीपानातच स्पष्ट लिहिलंय की स्क्रिप्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधून, वापरताना भाषा साधी इंग्रजी ठरवून मगच चालवा, शिवाय स्क्रिप्टसाठी वेगळं आटोपशीर आउटपुट आहे ज्याच्यात रकाने नसतात, कोलन असतात. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून केल्या असत्या तर दोन्ही बग जन्मालाच आले नसते. पण माहितीपान कोण वाचतं, मी तर बिघडल्यावरच वाचतो.

आता हिशोब बघा. शुक्रवार सकाळचे नऊ. आयएसओ तीन जीबीच्या आसपास, स्वस्तातले पेन ड्राइव्ह, एकावेळी चार लागतात, एक खेप बारा-पंधरा मिनिटांची, दहा खेपा, वर प्रत्येकाची तपासणी, म्हणजे साडेतीन-चार तास धरा. लाइट जाणार हे धरून सहा. म्हणजे दुपारी दोनपर्यंत आयएसओ पक्की पाहिजे. पोरगं म्हणत होतं अजून एक ओळ, दोन तासात देतो. आणि ती ओळ बरोबरच असणार होती, मला आज पण तसंच वाटतं. पण काल रात्री पण ती बरोबरच असणार होती.

सर तेव्हा बोलले. चाळीस वर्षं मोटार वाइंडिंग शिकवलेला माणूस, कोड काय ते त्यांना कळत नाही म्हणतात. “दुरुस्त कशाला करायलाय? काढून टाका की ती खिडकी.”

सगळे गप्प. आम्ही द्यायचं का थांबायचं ह्या दोनच गोष्टींत अडकलो होतो, आणि तिसरी अशी की जे बिघडलंय ते ह्या वर्षी जाऊच द्यायचं नाही. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ नाव तसंच ठेवायचं, पण त्याच्यावर क्लिक केलं की आमची खिडकी न उघडता डेबियनसोबतच येणारं, टर्मिनलमध्ये चालणारं साधं नेटवर्कचं मेनूवालं साधन उघडेल. दिसायला निळा-करडा, जुन्या बँकेच्या कॉम्प्युटरसारखा, माउस चालत नाही, बाण आणि एंटरनं निवडायचं. रूप नाही, पण खोटं बोलत नाही आणि वर्षानुवर्षं हजारो लोकांनी वापरलेलं आहे. आमच्याकडून बदल किती, तर एका शॉर्टकटमधली एक ओळ, जिच्यात मोजणं नाही, तुलना नाही, भाषा नाही. मित्र फोनवरून म्हणला, हे मी पास करतो.

पोराला वाईट वाटलं. तीन महिन्यांची त्याची खिडकी, आणि सगळ्यात सुंदर तीच होती. तो काही बोलला नाही, हो म्हणला आणि कॉल कट केला. मॅडमनी नंतर त्याला वेगळा फोन केला, काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण अकरा वाजता नवी आयएसओ आली.

ह्या वेळेस मी तपासायची पद्धत बदलली. लॅपटॉप बाजूला ठेवला. रेणापूरचा पीसी, मराठी भाषा, तीन वेगळे डोंगल, मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि दुकानासमोरच्या अभ्यासिकेतलं एक पोरगं बोलावून आणलं, स्पर्धा परीक्षेवालं, लिनक्स कधी न बघितलेलं, त्याला म्हणलं नेट जोड. मी हात मागं बांधून उभा. त्याला सहा मिनिटं लागली, दोनदा चुकलं, माउस हलवून हलवून वैतागलं, पण जोडलं.

राहिलं माहितीपत्रक. तीनशे प्रतींचं पान तीन चुकीचं. परत छापायचे पैसे नव्हते, म्हणून मॅडमनी अर्ध्या पानाची चिठ्ठी केली, वर कोपऱ्यातल्या आयकॉनचा मोठा फोटो आणि बाण, खाली बाण-एंटरची कृती, आणि मॅडमच्या घरच्यांनी, शेजारच्या दोन पोरींनी मिळून शुक्रवारी रात्री फेविकॉलनं तीनशे ठिकाणी ती डकवली. थोड्या वाकड्या लागल्यात. चिठ्ठीवर मॅडमनी एक ओळ हट्टानं घातली, ‘नेट अजिबात जोडलं नाही तर मोबाइलला चार्जिंगची वायर लावून यूएसबी टेदरिंग चालू करा.’ त्याला वायफाय लागतच नाही, कॉम्प्युटरला ते वायरचं नेट वाटतं, म्हणजे दार बंद झालं तरी खिडकीतून आत यायची सोय.

शनिवारी छत्तीस जण आले, छत्तीस पेन ड्राइव्ह गेले. जूनअखेरपर्यंत मला वायफायवरून पाच फोन आले. तिघांना चिठ्ठी दिसली नव्हती, वाचून दाखवली, झालं. एकाने टेदरिंग करून काम भागवलं होतं, त्याला फक्त सांगायचं होतं. पाचवा निलंग्याकडचा, त्याचा डोंगल लावला की कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह सापडायचा. असे डोंगल असतात, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो म्हणून आधी सीडी असल्याचं सोंग घेतात आणि मोड बदलल्यावरच वायफाय होतात. मोड बदलणारं पॅकेज आमच्या आयएसओत टाकायचं राहून गेलं होतं. तो बग कोणत्याच कॉलमध्ये निघाला नव्हता. टेदरिंगवरून पॅकेज टाकायला लावलं.

पोराची खिडकी ऑगस्टमध्ये अपडेटनं गेली, कोलनवालं आउटपुट, भाषा ठरवलेली, आणि संदेश पण बदललेला. आता यादी रिकामी आली तर ती ‘वायफाय नाही’ म्हणत नाही, ‘मला वायफाय सापडलं नाही, कोपऱ्यातला आयकॉन बघा’ म्हणते. हे वाक्य मॅडमचं. किती शाळांनी ते अपडेट घेतलं ते मोजायची सोय आम्ही ठेवलेली नाही. मी गेलो त्या सात शाळांपैकी दोन ठिकाणी होतं, बाकी पाच ठिकाणी अजून तीच निळी-करडी चालू आहे, आणि त्यातल्या एका सरांनी मला सांगितलं की ती बदलू नका, आता हात बसलाय.

रेणापूरचा तो पीसी मी शाळेला दुसरा देऊन स्वतःकडं ठेवून घेतला. टेबलाखाली आहे, डोंगल लावलेला. येत्या वर्षी पहिली आयएसओ त्याच्यावर उतरेल, मग लॅपटॉपवर.